मास्तरांचं चौथं बोट

मास्तर या गावात उतरले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची पाचही बोटं वाकत होती. हे आज कुणाला सांगितलं तर ऐकणारा सांगणाऱ्याची कीव करतो. गावाच्या हिशेबी मास्तर जन्मले तेच चौथं बोट वर करून.

चौथं म्हणजे करंगळीशेजारचं. पियानोवाले अंगठ्यापासून मोजतात.

आपल्या देशात मास्तर दुपारी मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणघरात, लोक सुऱ्या-काटे वाजवत असताना, पियानो वाजवायचे. तिकडचे दिवस फिरले. एक बॅग, एक कोट आणि राहण्याच्या परवान्याचा कागद घेऊन ते इथे आले. इथे पियानोवादकाची कुणालाच गरज नव्हती, खोकी चिकटवणाऱ्याची होती. पुठ्ठ्याच्या कारखान्यात ते दाबयंत्रावर लागले. दुसऱ्या वर्षी यंत्राने ते बोट धरलं. कारखान्याच्या डॉक्टरने फळकुटाचा तुकडा बांधून दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. हाड जुळलं, पण ताठ जुळलं. बोट जे वर राहिलं ते राहिलंच.

मास्तरांना तेव्हा इथली भाषा जेमतेम दोनशे शब्द येत होती. त्यातले बरेचसे खोकी, डिंक आणि उशीर यांच्याबद्दलचे. उरलेले परदेशी लोकांच्या कचेरीत मिळालेले. दर तीन महिन्यांनी तिथे जाऊन परवान्यावर शिक्का मारून आणावा लागे. शिक्का एका खिडकीवर, सही दुसऱ्या खिडकीवर, आणि दोन खिडक्यांच्या मध्ये एक अख्खा दिवस. मास्तर खुणेने विचारत, का? खिडकीतला कारकून वर न बघता सांगे, "अशी पद्धत आहे." तो शब्द मास्तरांनी नीट पाठ केला. त्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मग दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी, नवा पियानो घेतला. पियानो आला की मास्तर हवा, आणि मास्तर परदेशी असला तर पाहुण्यांना सांगायला बरं. कारखान्यात असा एक जण आहे असं कुणीतरी सांगितलं. बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. दोन्ही मुली आंघोळ घालून, वेण्या घालून बसवल्या होत्या. मास्तरांनी कोट काढला नाही, कारण आतला सदरा डिंकाने कडक झाला होता. ते बसले आणि वाजवू लागले. चार बोटांवर ते पाच बोटांचं काम कसं करतात हे कळायला ऐकणाऱ्याला कान लागतात. बाईंना डोळे होते.

"तुम्ही ते बोट असं वर का धरता?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी आपले दोनशे शब्द चाळले. दाबयंत्राला काय म्हणतात ते त्यांना येत होतं. पण ते सांगितलं तर लंगड्या हाताचा मास्तर कोण ठेवणार, हेही त्यांना कळत होतं.

"पद्धत," ते म्हणाले.

बाई मुलींकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? पद्धत आहे. उचला."

दोघींनी उचललं.

डॉक्टरीणबाईंनी उचललेली गोष्ट त्या गावात कुणी खाली ठेवत नसे. वर्षभरात वकिलांच्या घरी, बांधकामवाल्यांच्या घरी, मुख्याध्यापकांच्या घरी मुलं एक बोट वर करून वाजवू लागली. मास्तरांनी कारखाना सोडला आणि चांभाराच्या दुकानावरची खोली घेतली. जिना इतका चिंचोळा की जुना पियानो दोरांनी खिडकीतून आत घ्यावा लागला, त्यासाठी खिडकीची चौकट कापली ती पुन्हा नीट बसली नाही. तिच्यातून बारा महिने वारा आणि खालच्या कातड्याचा वास येई. पडद्याच्या अलीकडे पियानो, पलीकडे खाट. पालक या खोलीत आले की नाकाला रुमाल लावत आणि म्हणत, "कलावंत माणूस."

बँडवाल्याला ही मुलं फुटल्या डोळ्यांनी बघवत नसत. तो म्हणे, "वाजवतायत की बस थांबवतायत?" पण बँडवाला लग्नात वाजवणारा, त्याचं कोण ऐकतो.

पुढे गावात संगीत मंडळ निघालं. अध्यक्ष अर्थातच डॉक्टरीणबाई. चिटणीस म्हणून शाळेतले एक निवृत्त भूगोलाचे शिक्षक आले. त्यांना वाजवता येत नव्हतं, त्यामुळे लिहायला भरपूर वेळ होता. त्यांनी बत्तीस पानांची पुस्तिका लिहिली. त्यांना एक अडचण होती: मास्तरांच्या डाव्या हाताचं चौथं बोट चांगलं वाकत असे आणि भराभर चालत असे. चिटणीस डगमगले नाहीत. त्यांनी लिहिलं की डावा हात संसारी असतो, उजवा विरक्त; विरक्ताने एक बोट तरी जगाच्या वर ठेवलं पाहिजे. हे वाक्य मंडळाच्या भिंतीवर रंगवून घेण्यात आलं. मास्तर राजदरबारी वाजवत असत असंही पुस्तिकेत होतं. मास्तरांनी ते नाकारलं नाही. आधी नाकारण्याइतकी भाषा नव्हती, आणि भाषा आली तोवर पुस्तिकेची तिसरी आवृत्ती निघाली होती.

या सगळ्यात पानपलटे कुठे होते? पियानोच्या डाव्या बाजूला, जरा मागे.

पानपलटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते पाणीपुरवठा कचेरीत कारकून होते. अठ्ठाविसाव्या वर्षी हौसेने मास्तरांकडे शिकायला आले. मास्तरांनी त्यांची बोटं पाहिली. आखूड आणि गुबगुबीत, दोन पट्ट्यांमध्ये अडकणारी. "तुम्ही पानं चांगली उलटाल," मास्तर म्हणाले. मास्तर लहानथोर सगळ्यांना तुम्ही म्हणत, खिडकीत येणाऱ्या मांजरालाही, "तुम्ही खाली उतरा." पानपलट्यांनी तीस वर्षं पानं उलटली. मास्तरांनी मान हलवली की उलटायची, नाही हलवली की थांबायचं. लोक त्यांना पानपलटे म्हणू लागले, मग पानपलटेसाहेब म्हणू लागले, आणि एकदा पाण्याच्या बिलावरही तसंच छापून आलं. त्यांनी दुरुस्त करायला सांगितलं नाही. आपल्याच कचेरीला कशाला त्रास.

बोट तेही उचलत. चमचा धरतानासुद्धा.

त्यांच्या बहिणीचं, ताईचं, कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं. तिला मंडळाबद्दल काडीचा आदर नव्हता. "मंडळाचे पडदे माझ्याकडे धुवायला येतात," ती म्हणे, "मला सांगू नकोस आत काय आहे ते." तिची मुलगी सहाव्या वर्षापासून मास्तरांकडे जाऊ लागली. मामाची आखूड बोटं तिने घेतली नव्हती. सतराव्या वर्षी ती असं वाजवू लागली की खाली चांभाराचा हातोडा थांबे. मोठ्या शहरात संगीताचं महाविद्यालय होतं. तिथे प्रवेश मिळाला तर शिक्षण, राहणं सगळं त्यांच्याकडून. नाही मिळाला तर इस्त्री. ताईने तिसरी वाट ठेवलीच नव्हती, कारण नव्हतीच.

आता त्या महाविद्यालयात या गावातून आजवर सहा जण गेले होते आणि सहाही परत आले होते. परीक्षक बोटाकडे बघत, एकमेकांकडे बघत, आणि धन्यवाद म्हणत. सहाव्या खेपेला मंडळाने ठराव केला की आपली पद्धत समजून घेण्याइतकी शहराची अजून तयारी झालेली नाही. ठराव एकमताने झाला. मंडळाच्या शिफारसपत्राशिवाय तिकडे अर्जच घेत नसत, आणि शिफारसपत्र मंडळ स्वतः परीक्षा घेऊन, पद्धत पाहून देई. म्हणजे ज्या बोटामुळे तिथे नापास व्हायचं, त्याच बोटावर इथे पास व्हावं लागे.

मंडळाच्या परीक्षेला सात आठवडे असताना भाची मामांना म्हणाली, "मामा, इकडे बघ."

वाजवायच्या रचनेत तिसऱ्या पानावर एक ओळ होती. पाच लागोपाठ स्वर, खाली, वर, पुन्हा खाली, वेगाने. तिने बोट उचलून वाजवली. प्रत्येक फेरीत एक ठेच लागली. मग तिने बोट खाली ठेवून वाजवली. बोट दुबळं होतं, पण ठेच गेली.

"खाली ठेवलं की होतं," ती म्हणाली. "मग वर का?"

"पद्धत आहे."

"ते कळलं रे. पण का?"

तीस वर्षांत हा दुसरा का कुणी विचारलाच नव्हता. पानपलट्यांनीही नाही. विचारावा असं वाटलं होतं का, हेही त्यांना आठवेना. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते मास्तरांकडे गेले, जिन्यात दोनदा परत फिरले, आणि शेवटी चांभाराने "अहो, चढा तरी नाहीतर उतरा तरी" म्हटल्यावर वर पोचले.

मास्तर पियानोची पट्टी सोडवून आतली धूळ पुसत होते.

"मास्तर, भाचीचं... म्हणजे तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर... तिचं चौथं बोट खाली ठेवलं तर चालेल का?"

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. उजवा हात पुढे केला.

"वाकवा," ते म्हणाले.

"काय?"

"बोट. वाकवा तुम्ही."

पानपलट्यांनी दोन बोटांनी ते हलकेच धरलं आणि दाबलं. मग थोडं जोर लावून दाबलं. खिडकीच्या चौकटीला जोर लावावा तसं ते होतं. त्यांनी घाबरून सोडून दिलं.

मग मास्तरांनी खोक्यांच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. पाच मिनिटांत संपली, कारण गोष्ट तेवढीच होती.

"पण इतकी वर्षं..." पानपलटे म्हणाले.

"पहिली पाच वर्षं मी खोटं बोललो," मास्तर म्हणाले. "नंतरची पाच वर्षं गप्प बसलो. मग चिटणिसांची पुस्तिका वाचली. चांगली लिहिली आहे हो. मला पटली."

"आणि ती सहा मुलं?"

मास्तर पुन्हा धूळ पुसू लागले. बरंच पुसून झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून तुमच्या भाचीला रोज पाठवा. सकाळी. खिडकी बंद ठेवू."

जे बोट स्वतःला नाही ते दुसऱ्याला शिकवायचं कसं? मास्तर डाव्या हाताने शिकवत. भाचीच्या उजवीकडे बसत, डावा हात तिच्या उजव्या हातासमोर धरत, आणि आरशात बघावं तशी ती त्या हाताकडे बघत वाजवी. अकरा वर्षं वर राहिलेलं बोट खाली यायला तयार नसे. पहिल्या आठवड्यात तिचं मनगट सुजलं. दुसऱ्या आठवड्यात ती रडली. ताईने गरम फडकी शेकायला दिली आणि म्हणाली, "मंडळवाल्यांच्या पडद्यांना नीळ जास्त घालते मी आता." तिसऱ्या आठवड्यात बोट उतरू लागलं. मास्तर इतके चिडखोर आणि इतके आनंदात पानपलट्यांनी कधी पाहिले नव्हते. "तुमचं बोट काय पाहुणं आहे का? बसायला सांगावं लागतं?" ते भाचीवर ओरडत. सहाव्या आठवड्याला तिसऱ्या पानाची ती ओळ पाण्यासारखी वाहिली, आणि पानपलटे पान उलटायला विसरले.

ठरलं होतं असं: मंडळापुढे बोट वर, शहरात बोट खाली. ताईचा बेत. साधा, सरळ आणि पोटापुरता. भाचीने दोन्ही तऱ्हा घोटल्या होत्या. मास्तरांनी मान हलवली होती. पानपलट्यांनी ती होकाराची समजली.

मंडळाच्या सभागृहात परीक्षा झाली. मधल्या खुर्चीत डॉक्टरीणबाई, शेजारी चिटणीस, मागे कार्यकारिणीचे नऊ जण, त्यांच्या मागे भिंतीवर विरक्त हात. भाची पियानोपुढे बसली. पानपलटे डावीकडे, जरा मागे. मास्तर उठून उभे राहिले.

"ही मुलगी आज पाच बोटांनी वाजवेल," ते म्हणाले.

चिटणीस हसले. "म्हणजे, मास्तर?"

मास्तरांनी सांगितलं. कारखाना, यंत्र, फळकूट, सगळं. शेवटी म्हणाले, "पद्धत नाही. कधीच नव्हती. माझं बोट मोडलं आहे. मी तुमच्या मुलांची चूक केली." इतकी वर्षं इथे राहूनही माफी मागताना त्यांचे शब्द थोडे वाकडे पडले.

पानपलट्यांना वाटलं, आता छत कोसळणार. पण छत मजबूत होतं. डॉक्टरीणबाईंनी चिटणिसांकडे पाहिलं. त्यांच्या दोन मुली याच बोटापायी घरी परत आलेल्या सहा जणांत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि मग, हळूहळू, पुन्हा अध्यक्षांचा झाला.

"मास्तर दमलेत," त्या म्हणाल्या. "कुणीतरी खुर्ची द्या त्यांना."

"वयाने असं होतं," चिटणीस प्रेमाने म्हणाले. "माझ्या वडिलांनाही शेवटी वाटायचं की ते खलाशी होते. मास्तर, आपल्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण पद्धतीबद्दलचं आपलं मत मंडळावर बंधनकारक नाही." हे त्यांनी इतिवृत्तात लिहूनही घेतलं. मग भाचीकडे वळले. "हं बाळ. शुद्ध पद्धतीने. नाहीतर पत्राचा विचार करता येणार नाही."

भाचीचे हात पट्ट्यांवर होते. पाचही बोटं खाली. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खुर्चीत बसवले गेले होते, समोर बघत होते, ते मान हलवायला तयार नव्हते. बोट उचललं तर तो म्हातारा सगळ्यांदेखत खोटा पडत होता. नाही उचललं तर इस्त्री. तिने मामांकडे पाहिलं.

आपल्याला विचारतंय कोण, या भरवशावर पानपलट्यांनी आजवरचं आयुष्य काढलं होतं. आता कुणीतरी विचारत होतं. मास्तरांच्या बाजूने उभं राहावं, दोन शब्द बोलावेत, असं त्यांना फार वाटलं. शब्दही तयार होते. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ताईचे हात आले, मनगटापर्यंत वाफेने लाल झालेले.

"उचल, पोरी," ते म्हणाले.

तिने उचललं. तिसऱ्या पानावर फेरीगणिक ठेच लागली. कार्यकारिणीने माना डोलावल्या. पत्र मिळालं.

परतताना ती तिघं रस्त्याच्या कडेने एकामागे एक चालली. मास्तर पुढे. चांभाराच्या दारात ते थांबले. पानपलटे काहीतरी पुटपुटू लागले, माफ करा, मला दुसरं काही, ताईचं...

"पत्र आहे ना तुमच्याकडे?" मास्तरांनी भाचीला विचारलं. "आतल्या खिशात ठेवा. घडी करू नका." आणि जिना चढून गेले. पानपलट्यांशी ते पुढे अकरा दिवस बोलले नाहीत. बाराव्या दिवशी म्हणाले, "तुम्ही बरोबर केलं. मला ते आवडलं नाही." त्यानंतर या विषयावर कधीच बोलले नाहीत.

शहरात भाचीने पाच बोटांनी वाजवलं. तिला घेतलं. मंडळाने पेढीच्या जाहिरातीएवढा फलक लावला: पद्धतीचा विजय. फलकावर तिचा फोटो होता, बोट वर केलेला. फोटोवाल्याने करायला सांगितलं होतं.

तिचं पहिलं पत्र मामांच्या नावाने आलं, कारण मास्तरांना लिहायची तिची हिंमत होत नव्हती. पानपलट्यांनी ते खोलीत नेऊन मोठ्याने वाचलं. खोली थंड आहे, जेवण बेचव आहे, शेजारीण घोरते. मग हे: इथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं की तुझं उजवं चौथं बोट असं नव्यासारखं का चालतं. मी सांगितलं, ते सहा आठवड्यांतच शिकलेलं आहे. त्यांना खरं वाटेना. म्हणाल्या, सहा आठवड्यांत हे करणारा शिक्षक मला भेटायला हवा.

"ते परत वाचा," मास्तर म्हणाले.

पानपलट्यांनी वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचल्यावर मास्तरांनी ताठ बोटाने डोळ्याचा कोपरा पुसला. "हे चिटणिसांना दाखवू नका," ते म्हणाले. "सत्कार करतील."

मास्तर त्यानंतर दोन वर्षांनी गेले, दुपारी, एका मुलीला डावा हात दाखवत असताना. मंडळाने मोठी शोकसभा घेतली. पंधरवड्याने चिटणीस स्वतः पानपलट्यांच्या घरी आले. स्मृतिअंक काढायचा होता. मास्तरांची, त्यांच्या शिष्यांची काही पत्रं असतील तर हवी होती. विशेषतः शहरात गेलेल्या मुलीची, पद्धतीविषयी काही असेल तर फार बरं.

पत्र टेबलाच्या खणात होतं. चिटणिसांचं कोपर त्याच टेबलावर टेकलेलं होतं.

"काही नाही," पानपलटे म्हणाले.

"एकही नाही?"

"एकही नाही."

चिटणीस निराश झाले. ते पाहून पानपलट्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी चहा ठेवला, दोनदा माफी मागितली, आणि बाहेर पाऊस नसतानाही त्यांना छत्री देऊ केली.